मनमाड जंक्शन: पाणी नसलेल्या माथ्यावर रेल्वेचं गाव कसं वसलं?

पांझणकाठ (धागाकर्ते)

मनमाडच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, पहिलं वाक्य ठरलेलं: रेल्वे आली आणि गाव वाढलं. अहो, रेल्वे खेरवाडीलाही आली, उगावलाही आली. त्यांचं मनमाड का नाही झालं? गाडीला एखाद्या जागी थांबून काहीतरी करावंच लागतं, तेव्हा तिथे माणसं राहायला येतात. मनमाडला गाडीला काय करावं लागत होतं, आणि ते काम संपल्यावर गावात काय उरलं, एवढ्यावरच इथे बोलू. जुन्या फोटोंचा धागा वेगळा आहे.

आधी तारखा, कारण त्यातच जास्त गोंधळ असतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८५४ ला कल्याण, १८६१ ला कसारा. आणि त्याच १८६१ मध्ये घाटाच्या वर, देशावर, इगतपुरी-नाशिक-मनमाड-चाळीसगाव हा रूळ चालू झाला. मधला थळ घाट मात्र १ जानेवारी १८६५ ला उघडला. म्हणजे मनमाडला गाडी आली तेव्हा मनमाड मुंबईला रुळांनी जोडलेलंच नव्हतं! चार वर्षं मधला टप्पा घाटरस्त्यानेच पार करावा लागे. कसारा ते इगतपुरी हे अंतर फक्त चौदा-पंधरा किलोमीटर, पण चढ ३७ ला १ (३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर). तेवढ्यासाठी सगळं अडलेलं.

घाईचं कारण कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा होता. १८६३ ला गाडी भुसावळला पोचली, १८६७ ला नागपूरला, १८७० ला जबलपूरकडून अलाहाबाद-कलकत्त्याशी जोडली गेली. या सगळ्या काळात मनमाड हे वाटेवरचं एक साधं स्टेशन होतं, नांदगावसारखंच.

गाव घडवणाऱ्या गोष्टी नंतर आल्या. १८७८ चा दौंड-मनमाड फाटा, १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून आलेला मीटरगेज (एक मीटर रुंदीचा अरुंद रूळ) आणि १९०६ चं इंजिनिअरिंग वर्कशॉप. ज्यांना ज्यातलं ठाऊक आहे त्यांनी ते लिहावं.

सातमाळ

जागेपासून सुरुवात करतो.

लासलगावकडून मनमाडला येताना मध्ये समिट नावाचं स्टेशन लागतं. नाव इंग्रजी आहे आणि अर्थ शब्दशः माथा. चांदवडकडून सातमाळ्याची रांग अंकाई-टंकाईकडे जाते, तिच्यातल्या सखल जागेतून रूळ पलीकडे उतरतो. माथ्याच्या अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. पलीकडचं पांझणेतून गिरणेत, गिरणेतून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात. गाडीत बसून हे बघायचं असेल तर निफाड, लासलगाव, समिट आणि मनमाड या चार स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती ओळीने टिपा. पाणलोटाची रेघ कागदावर आपोआप उमटते.

गाव वसवायला ही जागा वाईट. माथ्यावर नदी नुकतीच जन्मलेली असते, तिच्यात पाणी कुठून असणार? वर पर्जन्यछायेचा पट्टा आणि खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरत नाही. दौंड फाटाही अंकाईच्या खिंडीतून पुन्हा याच माथ्यावरून दक्षिणेला गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो.

आता वाफेच्या इंजिनाची तहान बघा. शेवटच्या पिढीतल्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) सुमारे २५,००० लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे अडीच टँकर झाले, आणि तेही एका इंजिनाला एका भरणीत. शिवाय शेडमध्ये बॉयलर धुवायला वेगळं पाणी. कातळातलं पाणी जड असतं, त्यातले क्षार नळ्यांवर थर धरतात, थर धरला की कोळसा जास्त जळतो आणि वाफ कमी होते. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुऊन काढावाच लागतो. जंक्शनवर अशी इंजिनं दिवसाला किती येत असतील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

गावाला आजही पाण्याची तीच रड आहे. वागदर्डी धरण पांझणेवरचं, ते भरण्याची खात्री नाही. म्हणून पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी येवला तालुक्यात पाटोद्याच्या साठवण तलावात घ्यायचं आणि तिथून पंपाने वागदर्डीत टाकायचं. गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी उचलून तापीच्या खोऱ्यात नेणं आहे हे. आवर्तन लांबलं की नळाचे दिवस लांबतात. दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून थेट जलवाहिनीची योजनाही याच कारणाने आखली गेली.

फाटा नंबर दोन

सातमाळ साहेब, उत्तम. मग इतक्या वाईट जागी जंक्शन का, तर त्याचं उत्तर मनमाडमध्ये नाही, कल्याणमध्ये आहे.

मुंबईहून येणारा रूळ कल्याणला फुटतो. एक थळ घाटाने भुसावळकडे, दुसरा भोर घाटाने पुणे-सोलापूरकडे. समजा नागपूरचं धान्य सोलापूरला न्यायचं आहे. घाटाने खाली कल्याणला उतरवा, पुन्हा दुसऱ्या घाटाने वर चढवा. दोन्ही घाट ३७ ला १ चे, दोन्हीकडे जादा इंजिनं लावायची, दोन्हीकडे गाडी तुकड्यांनी न्यायची. देशावरच्या देशावर माल न्यायला कोकण बघून यायचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने या व्यवस्थेची किंमत सगळ्यांना दाखवली. दौंड-मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा फाटा १८७८ ला चालू झाला आणि दोन्ही घाट टळले.

मनमाडच का, तर दौंडहून नगर-कोपरगाव-येवला असं सरळ उत्तरेला आलं की मुख्य रूळ इथेच भेटतो आणि अंकाईची खिंड इथेच आहे. गावाला कोणी विचारलं नव्हतं.

चौकस

एक शंका. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस मनमाडला आली की इंजिन काढून मागच्या टोकाला लावतात. मुंबईहून नांदेडला जाणाऱ्या गाड्यांचं मात्र असं करत नाहीत. हे कशामुळे?

फाटा नंबर दोन

फाटा कोणत्या बाजूने मिळतो त्यामुळे. दौंडचा आणि औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) असे दोन्ही रूळ मनमाडच्या नांदगावकडच्या टोकाला येऊन मिळतात. मुंबईकडून आलेली गाडी सरळ पुढे जाऊन उजवीकडे वळते. नांदेड किंवा दौंडकडून येऊन भुसावळला जाणाऱ्या गाडीला मात्र स्टेशनात शिरल्यावर आल्या दिशेनेच बाहेर पडावं लागतं. गंमत अशी, की फाटा काढला भुसावळ-सोलापूर जोडायला, आणि तोंड फिरवावं लागतं नेमक्या त्याच गाड्यांना.

तोंड फिरवणं म्हणजे काय, तेही सांगतो. गाडी उभी राहिली की इंजिन आणि पहिल्या डब्यामधले ब्रेकपाइपचे नळ दोन्ही बाजूंनी बंद करायचे, नळ्या सोडायच्या, कपलिंग मोकळं करायचं. इंजिन पुढे काढून बाजूच्या मोकळ्या रुळावरून मागच्या टोकाला आणायचं, किंवा तिकडे दुसरं इंजिन आधीच तयार ठेवायचं. जोडल्यावर नळ उघडायचे आणि हवा भरू द्यायची. ब्रेकपाइपमध्ये ५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर आणि फीडपाइपमध्ये ६ किलो दाब हवा. मग ड्रायव्हर ब्रेक लावतो, गार्ड शेवटच्या डब्यात गेजवर दाब उतरला का ते बघतो. तिथे उतरला म्हणजे हवा पूर्ण गाडीभर सलग आहे. एखादा नळ अर्धवट बंद राहिला तर पुढचे डबे ब्रेक धरतात आणि मागचे धरत नाहीत. ही चाचणी म्हणूनच कोणी गाळत नाही. घाई केली तरी वीसेक मिनिटं जातातच.

वाफेच्या काळात यात आणखी एक भर होती. टेंडरचं इंजिन उलटं लांब पळवत नाहीत, त्यामुळे ते फिरकीवर नेऊन फिरवायचं किंवा शेडमधून ताजं इंजिन काढायचं. त्यात कोळसा, पाणी, राखेचा खड्डा आणि बदली ड्रायव्हर-फायरमन. गाडीला थांबून काय करावं लागत होतं असं पांझणकाठ विचारतात ना, त्यातलं एक हे.

गेजबदल

दुसरं मी सांगतो, आणि माझ्या मते मनमाड खरं त्यावर जगलं.

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हैदराबादहून निघून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत १९०० च्या सुमारास मनमाडला पोचली. मीटरगेज. इकडचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंद, तिकडचा १०००. वाघिणी (मालगाडीचे डबे) एकमेकींच्या रुळावर जाऊच शकत नाहीत. मराठवाड्यातून निघालेलं प्रत्येक पोतं आणि प्रत्येक गाठ मनमाडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागे. जवळपास नव्वद वर्षं.

पद्धत अशी, की मध्ये लांब धक्का, एका अंगाला रुंद रूळ आणि दुसऱ्या अंगाला मीटरगेज. दारासमोर दार येईल अशा वाघिणी लावायच्या, मध्ये फळी टाकायची आणि माल आडवा न्यायचा. ऐकायला सोपं आहे. अडचण इथून सुरू होते, की दोन्हीकडच्या वाघिणींची लांबी सारखी नाही. पहिली दोन दारं समोरासमोर आली तरी पाचव्या-सहाव्या वाघिणीपर्यंत दारं सरकलेली असतात, म्हणजे हमालाला तिरकं जावं लागतं. वजनही जुळत नाही. एक वाघीण रिकामी झाली म्हणजे पलीकडची भरली असं होत नाही. उरलेली पोती पुढच्या वाघिणीत जातात आणि तिथे मोजणी चुकते. पावती एका वाघिणीच्या नावाने, माल दोन वाघिणींत. पोतं कमी भरल्याच्या तक्रारींचा मोठा वाटा चोरीपेक्षा या गोंधळातून येतो.

कापसाची पक्की गाठ साधारण १७० किलोची. ती डोक्यावर जात नाही, लोटत किंवा ढकलगाडीवरच न्यावी लागते. हमालांच्या लोखंडी आकड्याने पोत्याला भोक पडतं, ज्वारी-गहू गळतो. धक्क्यावरची झाडणी हा एक स्वतंत्र व्यवहार होऊन बसतो. आणि पाऊस! वाघीण कोरडी, धक्का उघडा. मधल्या दहा पावलांत शेंगदाणा भिजला तर मुक्कामाला पोचेपर्यंत बुरशी धरतो.

माणसांचीही हीच अदलाबदल. सिकंदराबादकडची अजंता एक्स्प्रेस मीटरगेजची, १९६० च्या दशकात देशातल्या सगळ्यात वेगवान मीटरगेज गाड्यांत गणली जायची. तीसुद्धा मनमाडला संपायची आणि मुंबईला जाणारा पलीकडच्या फलाटावर धावायचा. स्टेशनाबाहेर खाणावळी आणि लॉज का वाढले, याचं दुसरं कारण शोधायला नको.

१९९२ च्या सुमारास औरंगाबादपर्यंत रूळ रुंद झाला, पुढे पुढे सगळाच मार्ग. धक्क्यावरचं ते काम एका झटक्यात बंद झालं. मराठवाड्याच्या दृष्टीने चांगलंच झालं. मनमाडच्या दृष्टीने चांगलं झालं असं मला म्हणवत नाही.

वर्कशॉप गेट

१९०६ च्या कारखान्याबद्दल दोन ओळी. हा इंजिनं दुरुस्त करणारा कारखाना नव्हे, ही चूक बरेच जण करतात. हा पुलांचा कारखाना. लोखंडी गर्डर, पादचारी पूल, फलाटाच्या शेडचे सांगाडे असलं काम. तीन दिशांना रूळ असल्याने तयार गर्डर वाघिणीवर चढवला की कुठेही जातो, म्हणून जंक्शन सोयीचं. गेज बदललं, वाफ गेली, तरी पूल लागतातच. गावातल्या रेल्वेच्या नोकऱ्यांत हीच टिकली.

आणि मनमाडचा इतिहास लिहायचा तर १२-१३ फेब्रुवारी १९३८ सोडून कसं चालेल? जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद इथे भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भांडवलशाही आणि ब्राह्मण्य हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्यांची मांडणी याच भाषणातली. भाषणात सांगितलेल्या कामावरच्या अडचणी अगदी नेमक्या आहेत. अस्पृश्य माणसाला गँगमन म्हणून घेत, रूळ उचलायला आणि खडी ठोकायला. पोर्टर म्हणून मात्र सहसा घेत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागे आणि तिथे शिवाशिव आडवी येई. कारखान्यातल्या हुद्द्याच्या जागांचंही तसंच. रेल्वेने जात मोडली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बाजू बघावी.

खळेकरी

तुम्ही सगळे मनमाडवर आहात, पण चोवीस-पंचवीस किलोमीटर अलीकडचं लासलगाव बाजूला ठेवून बघा. तिथे ना जंक्शन, ना गेज बदल, ना इंजिन शेड. तरी रेल्वेनेच घडवलेलं गाव. फरक एवढाच की मनमाडला गाडी स्वतःच्या गरजेने थांबते आणि लासलगावला मालासाठी थांबते.

बाजार समिती १ एप्रिल १९४७ ची. कांदा ट्रॅक्टर-पिकअपमधून मोकळा येतो, गोणीत नाही. लिलावात व्यापारी ढिगात हात घालून खालचा कांदा वर काढतो. बघायचं काय, तर पत्ती टिकलेली आहे का, मान वाळलेली आहे का, रंग आणि आकार. मान ओली असली की भाव तिथेच पडतो, कारण तो कांदा चार दिवसांत मानेतून सडायला लागतो. सौदा झाला की माल खळ्यावर जातो. तिथे निवड होते. गोल्टी वेगळी, मध्यम वेगळा, मोठा वेगळा. जोड, डेंगळे आलेला, सडका बाजूला. मग ५० किलोची गोणी भरून, तोंड दाभण-सुतळीने शिवून मालधक्क्यावर.

आता एका रॅकचा, म्हणजे पूर्ण मालगाडीचा, हिशोब. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीच्या किशनगंजला जी कांद्याची खास गाडी गेली ती ४२ बीसीएन (बंद छताच्या) वाघिणींची, माल सुमारे १,६०० टन. वाघिणीमागे ३८ टन, म्हणजे साधारण ७६० गोण्या. सगळी गाडी मिळून ३२,००० गोण्या. दहा तासांत भरायच्या म्हटल्या तर तासाला ३,२००. याच वाघिणीत गहू साठ टनांच्या वर जातो. कांदा तेवढा घालत नाहीत, कारण तो श्वास घेतो. गोण्या छतापर्यंत ठासल्या की मधल्या थरातली ऊब आणि ओल बाहेर पडत नाही, एक गोणी सडली की खालच्या चार ओल्या होतात. माल कमी भरायचा आणि भाडं जास्त पडू द्यायचं, हा कांद्याच्या रेल्वेवाहतुकीचा मूळ तिढा आहे.

कोणता कांदा गाडीत घालायचा यावरही सगळं अवलंबून. खरिपाचा लाल कांदा पाण्याचा, तो लांब पल्ल्याला नको. रांगडा मधला. उन्हाळ कांदा, त्यात एन-२-४-१ किंवा ॲग्रिफाउंड लाइट रेड, नीट सुकवलेला असेल तर चार-सहा महिने कांदाचाळीत राहतो आणि आसामपर्यंतचा प्रवासही सोसतो. चाळीतून काढलेला माल मात्र लगेच गोणीत भरू नये, पुन्हा एकदा निवड करावी. चाळीच्या तळातला थर बहुतेक वेळा खराब असतो.

ट्रकवाला नव्हे

खळेकरी, सगळं मान्य. पण मग आज ट्रकच जास्त का दिसतात, तेही लिहा की. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळा कांदा रुळानेच जातो.

खळेकरी

लिहितो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ट्रक एका व्यापाऱ्याचा एकट्याचा असतो. पंचवीस-तीस टन, खळ्यावर भरला, दिल्लीला आडतीच्या दारात रिकामा. रॅकसाठी दहा-पंधरा जणांचा माल एकत्र हवा, तोही एकाच दिवशी आणि एकाच मुक्कामाचा. आधी मागणी नोंदवायची आणि वाट बघायची. गोण्या आधी भरून ठेवल्या आणि रॅक दोन दिवस उशिरा आला, तर एप्रिलच्या उन्हात धक्क्यावरचा कांदा वरून भाजतो आणि अवकाळी आली तर भिजतो. गोण्या भरल्या नाहीत आणि रॅक अचानक लागला, तर मोकळ्या वेळेत भरणं होत नाही आणि डेमरेज (वाघिणी अडवून ठेवल्याचा आकार) बसतं. धक्क्यावर माल जास्त वेळ पडला तर त्याचं वेगळं वारफेज. मुक्कामाला पुन्हा हमाली, पुन्हा ट्रक. एवढं करून लांब पल्ल्याला, ईशान्येकडे वगैरे, रेल्वे परवडते. हजार किलोमीटरच्या आत क्वचितच.

७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली. देशातली पहिली. तिने हाच तिढा सोडवायचा प्रयत्न केला. पूर्ण रॅकची अट नाही, पार्सल डब्यात थोडा माल, वाटेतल्या स्टेशनांवर चढ-उतार, भाड्यात निम्मी सवलत. द्राक्ष, डाळिंब, भाजी यांना ती कांद्यापेक्षा जास्त जुळली असं मला वाटतं. कांदा हा वजनाचा माल आहे, त्याला पार्सलचा डबा लहान पडतो.

गेजबदल

हाच धागा पकडून मनमाडला परत येतो. मीटरगेजचा धक्का संपला तरी गाव बसलं नाही, त्याचं कारण गहू आणि तेल.

तिन्ही दिशांना रूळ असलेल्या ठिकाणी साठा करणं सोयीचं, म्हणून भारतीय अन्न महामंडळाची मोठी गोदामं इथे आली. पंजाब-हरियाणाचा रॅक, सुमारे २,६०० टन, ५० किलोची ५२,००० पोती. खळेकरींच्या कांद्याच्या रॅकशी ताडून बघा, वाघिणी तेवढ्याच, माल दीडपटीहून जास्त. इथे येऊन तो जिल्ह्याजिल्ह्यांत ट्रकने किंवा पुढे रुळाने जातो. कामाचं स्वरूप बघितलं तर जुन्या धक्क्याचंच: उतरवा, थप्पी लावा, पुन्हा चढवा. मधे फक्त काही महिने गोदामात जातात.

पानेवाडीचे तेलाचे डेपो हे दुसरं. १९९० च्या दशकाच्या शेवटी मुंबईहून मनमाडपर्यंत सुमारे २५० किलोमीटरची पाइपलाइन आली, पुढे ती उत्तरेकडे वाढवली. घाटातून टाकीच्या वाघिणी ओढण्याचा त्रास वाचला. नळाने घाट चढायचा आणि माथ्यावरून वाघिणी-टँकरने वाटप. १८६१ ते ६५ मध्ये घाटाने जे अडवलं होतं, त्यावरचा हा आणखी एक तोडगा.

पुढचं बघायचं तर सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूर-मनमाड नव्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, मालेगाव-धुळ्यावरून. मालेगावला रेल्वे नाही म्हणून तिथला यंत्रमागाचा माल आजवर मनमाडला येत होता. उद्या मालेगावलाच स्टेशन झालं की त्या मालाचं काय, हे मनमाडच्या व्यापाऱ्यांनी आत्ताच बघावं.

चौकस

या सगळ्याच्या खुणा जागेवर बघायच्या असतील तर कुठून सुरुवात करू? जुन्या मीटरगेजचा मार्ग अजून दिसतो का?

जुना सर्व्हे नंबर

दिसतो, पण रुळावर चालून बघायचा नाही हे आधीच सांगतो. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्त्यावरून आणि गाडीच्या खिडकीतून भरपूर दिसतं.

मीटरगेजचे पूल हलक्या गाड्यांसाठी बांधलेले, रुंद रुळाचा भार त्यांना झेपत नाही. म्हणून गेज बदलताना कित्येक नाल्यांवर शेजारी नवा पूल बांधतात आणि जुन्याचे दगडी पायथे तसेच सोडतात. अंकाईच्या पुढे नगरसूलकडे जाताना पुलावरून गाडी गेली की बाजूला बघत राहा. घडीव काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले, वर काहीच नसलेले दोन खांब दिसले की तो जुना मार्ग. सिमेंट काँक्रीटचे असतील तर ते नंतरचे.

दुसरी खूण म्हणजे रूळ. झिजलेले रूळ रेल्वे फेकत नाही, कुंपणाचे खांब, शेडचे आधार, फाटकाची अडसर अशा रूपात उभे करते. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, साल आणि बहुतेक वेळा रेल्वे कंपनीची आद्याक्षरं उठावात असतात. वाचण्याची रीत: कोरड्या ब्रशने गंज झाडायचा (तारेचा ब्रश नको, अक्षरं जातात), मग खडू आडवा धरून हलकेच फिरवायचा. उठावाला खडू लागतो, खोलगट तसंच राहतं. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना. दुपारी काही दिसत नाही. यात चूक होते ती अशी, की लोक रुळावरचं साल हे त्या शेडचं साल धरतात. रूळ आधी तीस-चाळीस वर्षं गाडीखाली राबलेला असतो. साल एवढंच सांगतं की शेड त्याच्या नंतरची आहे.

स्टेशनाच्या इमारतीवरच्या सालाबद्दलही तेच. बहुतेक वेळा ते वाढीव बांधकामाचं असतं.

तिसरा मार्ग कागदाचा, माझ्या मते सगळ्यात खात्रीचा. गाव नकाशात रेल्वेची जागा लांबट पट्टी म्हणून वेगळी दिसते. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल मागायची. पट्टी ज्या ठिकाणी अचानक रुंद होते तिथे कधीतरी धक्का, साइडिंग, पाण्याची टाकी किंवा वसाहत होती असं समजून शोधायला लागायचं. मात्र जुन्या संपादनाच्या कागदांत सर्व्हे नंबर असतात आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर, कारण १९४७ च्या कायद्यानंतर एकत्रीकरण झालं आणि नंबर बदलले. दोन्ही जुळवायला गावाचा एकत्रीकरणाचा तक्ता लागतो. अर्जात "सर्व्हे नंबर-गट नंबर तक्ता" असं स्पष्ट लिहा, नुसतं "जुनं रेकॉर्ड" लिहिलं तर दुसरंच काहीतरी हातात पडतं. फार जुने कागद मोडीत असतात, त्याला मोडी वाचक गाठावा लागेल.

पांझणकाठ (धागाकर्ते)

जुना सर्व्हे नंबर, तक्त्याचं नेमकं नाव दिलंत हे फार बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये एक भर घालतो, ती राहून गेली होती. १९०० च्या सुमारास मनमाडला दोन वेगळ्या कंपन्या होत्या, जी.आय.पी. आणि निजामाची. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली तेव्हा दोन्ही एका छताखाली आल्या. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि निजामाकडचा मार्ग पुन्हा वेगळा झाला. अंकाईजवळ आजही "अंकाई" आणि "अंकाई किल्ला" अशी दोन वेगळ्या मार्गांवरची स्टेशनं आहेत. जुने कागद मागताना कोणता रूळ ते आधी ठरवा, नाहीतर अर्ज भलत्याच कार्यालयात जाईल.

गाव नकाशाची नक्कल कोणी काढली तर वागदर्डी रस्त्याकडची पट्टी कुठे रुंद होते तेवढं इथे टाका. पाण्याच्या जुन्या टाक्यांची जागा त्यावरून पक्की करता येईल.